कोच म्हणून माझी बलस्थानं कोणती, हे मला कळणार कसं?

निळी शाई

नमस्कार मंडळी,

२२ वर्षं वर्गात शिकवलं. गेल्या वर्षापासून शिक्षकांची कोच म्हणून काम करतेय. म्हणजे आता फळ्यापाशी उभी नसते. शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्याचा तास बघते, टिपणं काढते आणि नंतर त्या शिक्षकाबरोबर निवांत बसून बोलते. शेरा मारणं किंवा गुण देणं हे माझं काम नाही. त्यांना स्वतःच्या शिकवण्यात जे बदलावंसं वाटतं, त्यात सोबत करायची.

वर्ष संपताना आत्मपरीक्षणाचा एक फॉर्म भरायचा होता. त्यात विचारलं होतं, तुमची तीन बलस्थानं कोणती, तीन मूल्यं कोणती आणि ती कामात कशी दिसतात. पाच मिनिटांत भरून टाकला. बलस्थानं: ऐकून घेणं, विषयाची पकड, चांगलं ते आधी बघणं. मूल्यं: आदर, प्रामाणिकपणा, मुलांचं हित.

पुढच्याच आठवड्यात एका तरुण शिक्षिकेशी झालेलं बोलणं तिच्या परवानगीनं रेकॉर्ड केलं. घरी येऊन घड्याळ समोर ठेवून ऐकलं. एकूण ४२ मिनिटं, त्यातली २९ मी बोलतेय. सातव्या मिनिटाला ती म्हणते, "मागच्या रांगेतल्या त्या तीन मुली आहेत ना, त्यांचं असं होतं की..." आणि तिचं वाक्य तोडून मी म्हणते, "हो, त्यांना जोडीनं काम देऊन बघा." ती म्हणते, "हं." त्यानंतर ती फारसं बोललीच नाही. नुसतं "हं". मोजले, अकरा वेळा.

आणि आदल्याच आठवड्यात मी "ऐकून घेणं" हे स्वतःचं पहिलं बलस्थान म्हणून लिहून दिलं होतं.

तेव्हापासून मनातून जात नाहीये. इथे शिक्षक आहेत, कोच आहेत, कोणी नुसतेच शिकणारे आहेत, म्हणून विचारते. आपलं बलस्थान खरंच बलस्थान आहे हे तुम्हाला कशावरून कळलं? आणि आपण जी मूल्यं म्हणून सांगतो ती आपण खरंच पाळतो का, हे कधी, कुठे लक्षात आलं?

मधली सुट्टी

ते अकरा "हं" वाचून थांबले. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला धीर लागतो. बहुतेक जण फॉर्म भरून मोकळे होतात. धागा वाचतेय.

शेवटचा बाक

मी दुसऱ्या बाजूची आहे. मी शिक्षिका, माझ्या वर्गात कोच येतात. दोन कोच बघितले, दोघांचंही सांगते.

पहिले सर खूप गोड बोलायचे. तास संपला की "छान! मुलं रमली होती!" वर्षभर हेच. पहिल्या महिन्यात बरं वाटलं. तिसऱ्या महिन्यात मला कळेना की हे खरंच माझा तास बघतात का. माझ्या वर्गातली निम्मी मुलं गप्प असायची, ते मला डाचत होतं आणि ते कुणीतरी बोलून दाखवावं असं वाटायचं. त्यांच्या "छान"मुळे मी एकटी पडले. निळी शाई, तुम्ही "चांगलं ते आधी बघणं" लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगते. आधी बघा, पण तिथेच थांबू नका.

दुसऱ्या मॅडम आल्या त्यांनी कागद पुढे ठेवला. त्यावर मत एकही नव्हतं. नुसतं असं:

१०:१२ – तुम्ही विचारलं, "पानं हिरवी का असतात?"
१०:१२ – तुम्हीच सांगितलंत, "हरितद्रव्यामुळे."
१०:१४ – तुम्ही विचारलं, "मग रात्री काय होतं?"
१०:१४ – उत्तर तुमचं.

अशा नऊ ओळी. मी वाचत गेले आणि चौथ्या ओळीशी माझं मलाच कळलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. मग मी विचारलं तेव्हा त्यांनी मेरी बड रो या शिक्षण-संशोधकांच्या कामाबद्दल सांगितलं. या बाईंनी १९७०च्या दशकात शेकडो तासांची ध्वनिमुद्रणं तपासली होती. प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच थांबणं तीन सेकंदांच्या पुढे गेलं की मुलांची उत्तरं लांबतात, न विचारता बोलणारी मुलं वाढतात, गप्प राहणं कमी होतं.

सांगायचा मुद्दा असा की मॅडम स्वतः माझ्याशी बोलतानाही तसंच थांबायच्या. मला शिकवायचं ते आधी माझ्यासमोर करून दाखवायच्या. त्यांचं बलस्थान काय, हे त्यांनी कुठल्या फॉर्मवर लिहिलंय मला माहीत नाही. पण मला विचाराल तर मी एका दमात सांगेन.

गणितवेडा

थोडा वेगळा सूर लावतो.

२९ मिनिटं बोललात म्हणून तुम्ही ऐकत नाही, असा सरळ हिशोब मला पटत नाही. काय बोललात ते महत्त्वाचं. हल्ली कोचिंगमध्ये एक सूर आहे की कोचनं फक्त प्रश्न विचारायचे, उत्तर द्यायचं नाही. समोरच्याला जे माहीतच नाही ते त्याच्याकडून काढून घ्यायला जाणं हा त्याचा छळ आहे.

माझ्या डोळ्यांसमोरचा तास सांगतो. अपूर्णांकांचा भागाकार चालू. शिक्षकानं नियम सांगितला, दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. एका मुलीनं हात वर करून विचारलं, "पण उलटा का करायचा?" शिक्षक म्हणाले, "नियम आहे." मुलीनं हात खाली घेतला. तासानंतर ते सर मला म्हणाले, "खरं सांगू का, मलाच माहीत नाही." आता इथे मी "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारत बसू? मी कागद घेतला, तीन पट्ट्या काढल्या आणि विचारलं, यात अर्ध्या अर्ध्या पट्ट्या किती बसतील? सहा. म्हणजे ३ भागिले १/२ बरोबर ६, आणि ३ गुणिले २ सुद्धा ६. मग पाव पट्ट्या. मग २/३ च्या पट्ट्या. पंचवीस मिनिटांत सरांचा चेहरा बदलला. त्यातली वीस मिनिटं मीच बोलत होतो आणि मला त्याची अजिबात खंत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच मुलीला फळ्यापाशी बोलावून पट्ट्या काढायला लावल्या.

तेव्हा विषयाची पकड हे तुमचं बलस्थान असेल तर ते लपवू नका.

एक आकडा सांगतो. मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये शिक्षक-कोचिंगवरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. शिकवण्याच्या पद्धतीवर परिणाम ०.४९ प्रमाण विचलनाचा (संख्याशास्त्रात फरक मोजायचं एकक) आणि मुलांच्या संपादणुकीवर ०.१८ चा. दोन्ही चांगलेच आहेत, पण फरक बघा. शिक्षकाची पद्धत बदलली म्हणजे मूल तितकंच शिकलं असं होत नाही. "मुलांचं हित" हे मूल्य लिहिणाऱ्या प्रत्येक कोचनं (मीही तेच लिहितो) शिक्षकाशी बोलून झाल्यावर मुलांच्या वह्याही उघडून बघाव्यात, एवढंच म्हणेन.

निळी शाई

@शेवटचा बाक, "एकटी पडले" हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. मला कधी सुचलंच नसतं की कौतुकानं कुणी एकटं पडेल.

@गणितवेडा, पट्ट्यांचं उदाहरण फार आवडलं आणि मुद्दाही मान्य. पण माझ्या बाबतीत एक फरक होता. तुमच्या सरांना माहीत नव्हतं आणि त्यांनी तसं सांगितलं. माझ्या शिक्षिकेला काहीतरी माहीत होतं आणि ती तेच सांगायला निघाली होती.

सायंतारा

निळी शाई, तुमच्या सातव्या मिनिटाला समुपदेशनात नाव आहे. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक यांची बोलण्याची एक पद्धत आहे, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, मुळात व्यसनाच्या उपचारांतून आलेली. त्यात ते सांगतात की मदत करणाऱ्याला समोर काही बिघडलेलं दिसलं की लगेच दुरुस्त करायची ऊर्मी येते, तिला ते "राइटिंग रिफ्लेक्स" म्हणतात. ही ऊर्मी चांगुलपणातूनच येते. पण तिच्यामुळे समोरचा बोलायचा थांबतो, किंवा "हो, पण..." सुरू करतो. ज्यांना लोकांना मदत करायला मनापासून आवडतं त्यांच्यात ती जास्त असते. म्हणजे तुम्ही बोलत सुटलात ते तुमच्या चांगल्या गुणामुळेच. स्वतःला फार बोल लावू नका.

वाचनखूण

"कशावरून कळलं" या प्रश्नाकडे येते.

चाचण्या मीही करून बघितल्या आहेत. पीटरसन आणि सेलिग्मन यांनी २००४ मध्ये मांडलेली २४ गुणांची यादी आहे, तिच्यावर आधारलेली प्रश्नावली भरली. दुसरी एक ३४ गुणांची असते, तीही भरली. त्यांचा एक फायदा नक्की होतो, स्वतःबद्दल बोलायला शब्द मिळतात. आपल्याकडे "मेहनती" आणि "मनमिळाऊ" यापलीकडे स्वतःबद्दल काही सांगायची सवयच नसते. पण उत्तरं आपणच देतो. मी स्वतःला श्रोता समजत असेन तर चाचणीही मला श्रोता म्हणूनच दाखवणार.

म्हणून मी दुसरी वाट धरली. ज्यांच्याबरोबर काम केलं अशा सात शिक्षकांना एकच गोष्ट विचारली, "माझ्याबरोबर काम करताना तुम्हाला खरोखर उपयोग झाला असा एक प्रसंग सांगा." माझे गुण विचारले नाहीत. गुण विचारले की लोक भिडेपोटी विशेषणं देतात. प्रसंग विचारला की आठवून सांगावं लागतं.

मला वाटलं होतं माझ्या आराखड्यांबद्दल बोलतील. मी फार नेटके आराखडे करते, रंगीत खुणांसकट. एकानंही त्यांचं नाव काढलं नाही. सातपैकी चौघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं: "तुम्ही मागच्या वेळचं विसरत नाही." एका सरांनी सांगितलं, "मी तीन आठवड्यांपूर्वी जाता जाता बोललो होतो की तो मुलगा पेन्सिल दाबून धरतो, तुम्ही आल्या आल्या त्याच्याबद्दल विचारलंत. तेव्हा ठरवलं की यांना खरं सांगायचं."

ही गोष्ट मी कधीच बलस्थान म्हणून धरली नव्हती, कारण ती मला जड जात नाही. जे सहज जमतं ते आपल्याला दिसत नाही, ते दुसऱ्यानंच दाखवावं लागतं. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी १९५५ मध्ये चार चौकटींची जी खिडकी मांडली, त्यात इतरांना दिसणारी पण आपल्याला न दिसणारी एक चौकट आहे. तिथे फक्त दोषच असतात अशी माझी समजूत होती. माझं सगळ्यात उपयोगी सामान तिथेच पडलेलं निघालं.

मधली सुट्टी

वाचनखूण, प्रसंग विचारायची युक्ती उचलतेय.

जरा हलकं काही. मी एका ताईंच्या वर्गात मागे बसून लिहीत होते. दुसरीतला एक मुलगा वळून वळून बघत होता. शेवटी उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुमचं नाव पटावर नाहीये, पण तुम्ही रोज आलात तर बाई लिहितील." ताई आणि मी अजून त्यावरून हसतो. त्याच्या लेखी मी उशिरा दाखल झालेली विद्यार्थिनी होते, आणि मला ते पद फार आवडलं.

तिरकी रेघ

बलस्थानांबद्दल भरपूर लिहून झालंय. मूल्यांबद्दल फारसं कुणी बोललं नाही, तेव्हा मी बोलतो. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. बलस्थान नसलं तर काम कमी प्रतीचं होतं. मूल्य ढळलं तर माणसं दुखावतात.

मी कोच झालो त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. "विश्वास" हे माझं मूल्य म्हणून मी प्रत्येक शिक्षकाला पहिल्याच भेटीत सांगायचो. "आपलं बोलणं आपल्यातच." एक नवे सर होते, वर्ग सांभाळताना त्यांची तारांबळ उडायची. त्यांनी माझ्याजवळ मोकळेपणानं सांगितलं होतं की शेवटच्या तासाला जायच्या आधी पोटात गोळा येतो. आम्ही त्यावर काम करत होतो, हळूहळू जमतही होतं.

एक दिवस मुख्याध्यापकांनी जाता जाता विचारलं, "त्या नवीन सरांचं कसं काय?" सूर साधा होता. मीही साधेपणानंच बोलून गेलो, "मेहनती आहेत, वर्गावरची पकड थोडी कमी पडते अजून." बस्, एवढंच. पुढच्या वर्षी त्यांना मुदतवाढ मिळाली नाही. माझ्या त्या वाक्यामुळेच असं मी म्हणणार नाही, आणखीही कारणं होती. पण त्यांना कळवताना जे शब्द वापरले गेले ते माझे होते. त्यांनी ओळखले. जाताना मला म्हणाले, "सर, मी तुम्हाला सांगितलं होतं. त्यांना नव्हतं सांगितलं."

त्यानंतर सबंध वर्ष स्टाफरूममध्ये मी गेलो की बोलणी हवापाण्यावर यायची. कुणी वाईट वागलं नाही. पण पोटातला गोळा मला पुन्हा कुणी सांगितला नाही.

आर्गिरिस आणि शॉन या अभ्यासकांनी १९७४ मध्ये हे फार नेमकं मांडलंय. माणसाकडे दोन सिद्धांत असतात. एक तो जे मानतो असं सांगतो तो, आणि दुसरा त्याच्या वागण्यातून दिसतो तो. दोन्हींत अंतर असतं आणि बहुधा त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. मी खोटं बोलत नव्हतो. माझा विश्वासावर विश्वास होता. पण एका साध्या प्रश्नासमोर, वरच्या माणसाला बरं वाटावं ही माझी ओढ जास्त बळकट निघाली.

आता मी काय करतो ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडलं तर. कामाला सुरुवात करण्याआधी मुख्याध्यापक, शिक्षक आणि मी असे तिघं बसतो. काय कुणापर्यंत जाईल ते तिथेच ठरतं. मी कोणाला किती वेळा भेटलो आणि कोणत्या विषयावर काम चाललंय, एवढं मुख्याध्यापकांना कळेल. वर्गात काय दिसलं आणि शिक्षक काय बोलले, ते नाही. मूल्यमापन करायचं असेल तर त्यांनी स्वतः तास बघायचा. मुलांच्या सुरक्षिततेला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, हेही शिक्षकासमोरच सांगून ठेवतो. आणि कुणी जाता जाता विचारलंच तर माझं एक वाक्य पाठ आहे: "त्यांनाच विचारा ना, त्यांना सांगायला आवडेल." पहिल्यांदा म्हणताना आवाज कापला होता.

शेवटचा बाक

तिरकी रेघ, "त्यांना नव्हतं सांगितलं" वाचून गलबलून आलं. हे इथे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आम्ही शिक्षक कोचकडे बघतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो, हे माणूस कुणाचं? बाकी सगळं नंतर.

उंबरठा

तिघांच्या बैठकीशी पूर्ण सहमत. पण तुमच्या अपवादाच्या अलीकडे एक मोठा पट्टा आहे, त्याचं काय करता? मारहाण, धोका वगैरे नाही, पण गप्पही बसवत नाही असा.

माझ्यासमोर घडलं ते सांगते. एक अनुभवी बाई, उत्तम शिकवतात, मुलांच्या त्या लाडक्या. चुकलेल्या उत्तरावर एका मुलाला हसत हसत म्हणाल्या, "तू म्हणजे आमचा ढ नंबर एक." वर्ग हसला. तो मुलगाही हसला. मग त्यानं वही मिटली आणि तास संपेपर्यंत ती उघडली नाही. मी बघत होते.

इथे माझी दोन मूल्यं एकमेकांसमोर उभी राहिली. बाईंचा आदर आणि त्या मुलाची प्रतिष्ठा. बाईंनी मला त्या दिवशी गटकार्य बघायला बोलावलं होतं. हे बघायला नव्हे. शिक्षक-कोचिंगवर लिहिणारे जिम नाइट कोचिंगची जी तत्त्वं सांगतात त्यात समानता आणि निवड ही पहिली दोन आहेत, काय सुधारायचं ते शिक्षक ठरवणार. मग त्यांनी न निवडलेला विषय मी काढायचा का?

रात्रभर विचार केला आणि काढायचं ठरवलं. पण मत द्यायचं नाही. गटकार्याचं सगळं बोलून झाल्यावर म्हटलं, "तुम्ही विचारलं नव्हतं, तरी एक नोंद आहे. वाचू का?" त्या म्हणाल्या वाचा. मी तीन ओळी वाचल्या, त्यांचं वाक्य, वर्गाचं हसणं, वही मिटणं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तो तर हसला होता." मी म्हटलं, "हो, हसला होता." त्या दिवशी एवढ्यावरच थांबलो.

पुढे त्यांनी मला दोन महिने बोलावलं नाही. मी चुकले की काय असं वाटत राहिलं. नंतर बोलावलं, आणि तो विषय परत कधी निघाला नाही. त्यांनी तो शब्द सोडला का? माझ्यासमोर तरी पुन्हा ऐकला नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही.

गणितवेडा

उंबरठा, तुम्ही बरोबर केलंत असं माझं स्पष्ट मत. निवड शिक्षकाची, मान्य. पण वर्गात तीस जण आणखी आहेत ज्यांना निवड नसते. दोन महिने न बोलावणं ही त्या बोलण्याची किंमत होती आणि तुम्ही ती दिलीत. मूल्य कशाला म्हणायचं याचं उत्तर मला इथे दिसतं.

तिरकी रेघ

@उंबरठा, त्या पट्ट्यासाठी माझ्याकडे नियम नाही. तुमचं "वाचू का?" मात्र घेतोय. तिथेही तुम्ही परवानगी मागितलीत, आणि आदर तिथेच राखला गेला.

रानवाट

थोडं अवांतर होईल. मी शिक्षकांची नाही, मुलांची अभ्यास-कोच आहे. आमच्याकडे तिढा वेगळा असतो. बोलावतात पालक, समोर बसतं मूल. पालक म्हणतात गुण वाढवा. मूल तिसऱ्या भेटीत म्हणतं की मला ही शाखाच नको होती.

क्लूगर आणि डीनिसी यांचा १९९६ चा मोठा आढावा आहे, अभिप्रायाच्या परिणामांवर. एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानं कामगिरी उलट खालावली होती. हातातल्या कामावरून लक्ष उडून "मी कसा आहे" याकडे गेलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडच्या मुलांना वर्षानुवर्षं ते कसे आहेत हेच ऐकवलेलं असतं. आळशी, हुशार पण चंचल, वगैरे. म्हणून मी स्वतःशी एकच पाळते, मुलाबद्दल विशेषण वापरायचं नाही. "काल तू दोन गणितं सोडून तिसऱ्यावर गेलास, तेव्हा काय झालं?" एवढंच.

माझं बलस्थान? सबुरी असावी. पण हे वाचून आता मीही मुलांना विचारणार आहे. वाचनखूणच्या पद्धतीनं, प्रसंग.

मधली सुट्टी

रानवाट, पालक आणि मुलाच्या मधल्या कोचवर एक स्वतंत्र धागा काढाच. वाट बघते.

निळी शाई

तीन आठवड्यांनी परत येतेय. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

काय केलं ते सांगते. त्या शिक्षिकेला भेटले आणि म्हटलं, "आपलं रेकॉर्डिंग मी ऐकलं. सातव्या मिनिटाला तुम्ही काही सांगत होतात आणि मी मधे बोलले. ऐकवू का?" तिनं होकार दिला. तीस सेकंदांचा तुकडा दोघींनी ऐकला. मग विचारलं, "त्या तीन मुलींचं काय सांगणार होतात?" आणि गप्प बसले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दिसत होता. मला वाटलं मिनिट झालं. सात सेकंद झाले होते.

मग ती बोलली. त्या तिघींतली एक फार सावकाश वाचते. बाकीच्या दोघी आपलं वाचून झालं तरी काही लिहीत नाहीत, हिचं होईपर्यंत थांबतात. कुणी सांगितलेलं नाही, आपणहून. ती ओळीवरून बोट फिरवत असते आणि या दोघी पेन्सिली खाली ठेवून बसलेल्या. वेळ संपते तेव्हा तिघींच्याही वह्या कोऱ्या. इतर शिक्षक म्हणतात वेगळ्या बसवा. हिला त्यांना मोडायचं नव्हतं. ती मला विचारणार होती की तिघींना तसंच ठेवून वेळेचं काय करता येईल.

आणि मी म्हटलं होतं, जोडीनं काम द्या. तिघींना.

हे तिनं पाच महिने बघून गोळा केलेलं होतं. मी तीन तास बसून मला दिसलं नव्हतं. माझ्या टिपणात त्या रांगेसमोर लिहिलंय, "सहभाग कमी."

वाचनखूणप्रमाणे सहा जणांना प्रसंगही विचारला. चार उत्तरं आली. दोघांनी सांगितलं की मी त्यांच्या वर्गात एक धडा स्वतः शिकवून दाखवला आणि तो फसला, तरी त्यावर त्यांच्याबरोबर बसून बोलले, तो दिवस. मी तो दिवस विसरून जायच्या यादीत टाकला होता. तिसऱ्यांनी विषयातल्या एका शंकेचा प्रसंग सांगितला (गणितवेडा, तुमचा मुद्दा). ऐकून घेण्याचा प्रसंग कुणीही सांगितला नाही.

फॉर्म परत मागून घेतला. "ऐकून घेणं" खोडलं नाही, बलस्थानांतून काढून खाली "शिकते आहे" या रकान्यात लिहिलं. वर आलं, "माझा फसलेला तास त्यांच्यासमोर उघडा ठेवणं". मूल्यांत आदर ठेवलाय, पण "कसा दिसतो" या प्रश्नापुढे लिहिलं: वाक्य पूर्ण होऊ देणं. प्रामाणिकपणापुढे अजून काही लिहिलेलं नाही. तिरकी रेघ आणि उंबरठा यांचं वाचल्यावर तिथे घाईनं काही लिहवेना. तिघांच्या बैठकीसाठी मुख्याध्यापकांची वेळ मागितली आहे.

शेवटचा बाक

पेन्सिली खाली ठेवून बसलेल्या त्या दोघी डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्या तिघींना खूप खूप प्रेम.

गणितवेडा

मग वेळेचं काय ठरलं? ते राहिलंच सांगायचं.

निळी शाई

तिनंच ठरवलं. वाचायचा उतारा ती त्या मुलीला आदल्या दिवशी देणार, घरी एकदा वाचून यायला. वर्गात तिघी एकत्रच बसणार. पहिला प्रयोग गुरुवारी आहे, तिसऱ्या तासाला. मला बोलावलंय, आणि फक्त त्या तीन वह्यांकडे बघा असं सांगितलंय.